तंगडी कोणी घ्यायची?

माणूस आणि डायनोसॉर यांची गाठ कधीच पडली नाही. डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे लोटली. आपल्या जातीच्या माणसाचे आजवर हाती आलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मधल्या काळाच्या दरीत कितीतरी प्राणिसृष्टी आल्या आणि गेल्या. तरीही 'आदिमानव' म्हटले की कातड्याचे वस्त्र गुंडाळलेला, हातात सोटा घेतलेला आणि डायनोसॉरच्या मागे (अथवा पुढे) धावणारा माणूसच आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. हे अश्मयुग इतिहासाने दिलेले नाही. ते विसाव्या शतकातील चित्रकथांनी, चित्रपटांनी आणि करमणुकीच्या इतर साधनांनी रचलेले आहे, आणि म्हणून त्याच्याकडे एक साहित्यप्रकार म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल.

या प्रकाराची वंशावळ बरीच लांब आहे. अमेरिकेत १९३२ साली 'अ‍ॅली ऊप' ही वृत्तपत्रीय चित्रमालिका सुरू झाली. तिचा नायक डायनोसॉरवर स्वार होऊन फिरत असे. १९६० साली 'द फ्लिंटस्टोन्स'ने अश्मयुगात चक्क मध्यमवर्गीय उपनगर वसवले. जपानमध्ये शुंजी सोनोयामा यांनी १९६५ पासून आदिमानवांच्या एका कुटुंबाची विनोदी चित्रकथा रेखाटली, १९७४ साली तिची दूरचित्रवाणी मालिका झाली, आणि हाडाच्या दोन्ही टोकांमध्ये अडकलेला मांसाचा जाडजूड गोळा ही प्रतिमा तिथल्या बालमनात कायमची रुजली. पुढे व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी हा वारसा उचलला. १९८९ ते १९९१ या दोन-तीन वर्षांत जपान, इंग्लंड आणि फ्रान्स येथे आदिमानवांचे इतके खेळ निघाले की त्यांची एक लाटच म्हणावी. मला ज्याविषयी लिहायचे आहे तो 'जो अँड मॅक' हा खेळ याच लाटेतला. 'डेटा ईस्ट' या जपानी कंपनीने तो १९९१ साली बाजारात आणला. त्याचे दुसरे नाव 'केव्हमॅन निंजा'. जपानी नावाचा अर्थ साधारणपणे 'लढ, आदिमानवा' असा होतो.

खेळाचे कथानक दोन वाक्यांत संपते. शत्रुटोळीने वस्तीतल्या बायका पळवून नेल्या आहेत. हिरव्या केसांचा जो आणि निळ्या केसांचा मॅक त्यांना सोडवायला निघतात. वाटेत कडे, दऱ्या, धबधबे, लाव्हा, शत्रूचे लोक आणि लहानमोठे डायनोसॉर. उड्या मारत पुढे जायचे, दगडी कुऱ्हाड फेकायची, अंडी फोडून त्यांतून नवे शस्त्र मिळवायचे. शस्त्रांमध्ये हाड आहे, आग आहे, बूमरँग आहे आणि दगडाचे चाकही आहे. चाकाचा शोध लागून जेमतेम साडेपाच हजार वर्षे झाली असतील, हे या मंडळींच्या गावीही नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक अजस्र टायरॅनोसॉरस वाट अडवून उभा राहतो. हे सगळे एकट्यानेही करता येते, पण खेळाची खरी रचना दोघांसाठी आहे. दोन दांड्या, दोन माणसे, एकच पडदा.

साहित्याच्या अभ्यासकाला या खेळात प्रथम जाणवते ती भाषेची अनुपस्थिती. यात संवाद जवळजवळ नाहीत; अंगविक्षेप आहेत. मार बसला की डोळे बाहेर येतात, कुऱ्हाड जोराने फेकायची असेल तर हात गरगर फिरतो. पडद्यावर खोली नाही. माणसे आणि जनावरे बाजूने दिसतात, एका रेषेवर उभी असतात, एका दिशेने जातात. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ साली ज्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांकडे जगाचे लक्ष वेधले, तिथली शिकारीची चित्रे पाहताना मला या सपाट जगाची आठवण झाली होती. बाजूने रेखाटलेली छोटी माणसे, समोर त्यांच्या कितीतरी पट मोठे जनावर, आणि पार्श्वभूमी म्हणून नुसता खडक. या साम्यातून काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. आदिम चित्रकाराचा अवकाश आणि यंत्राच्या मर्यादेतून आलेला अवकाश यांची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत. पण दोन्हीकडे प्रेक्षकाला एकच प्रश्न पडतो: इतक्या छोट्या माणसांनी इतके मोठे जनावर कसे मारले असेल? उत्तरही दोन्हीकडे एकच आहे. त्यांनी ते मिळून मारले.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडाजवळ एक व्हिडिओ गेमचे पार्लर होते. १९९४-९५ च्या सुमाराची ही गोष्ट. एका रुपयाला एक कॉइन मिळे. पार्लरमध्ये खरी गर्दी असे ती 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'भोवती. त्याचे हे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते, भारतभर तो खेळ त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. 'जो अँड मॅक'चे यंत्र कोपऱ्यात होते आणि बहुधा मोकळेच असे. तिथे मुली येत नसत. मला प्रवेश मिळाला तो दादामुळे, आणि तोही त्याच्या औदार्यामुळे मिळाला असे म्हणता येणार नाही. त्याचे मित्र मुस्तफाच्या रांगेत असत आणि या खेळात त्याला दुसरा गडी हवा असे. दुसरी दांडी धरायला कोणीतरी हवे, या खेळाच्या निव्वळ यांत्रिक गरजेने माझ्यासाठी एक दार उघडले. तो जो झाला, मी मॅक. नऊ वर्षांच्या मुलीने निळ्या केसांचा पुरुष होऊन पुरुषांनी पळवलेल्या बायका सोडवायला निघावे, यातली गंमत तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

या खेळाचा एक नियम फार निर्दय आहे. प्रत्येकाच्या नावापुढे जीवशक्तीची एक पट्टी असते. शत्रूचा मार बसला की ती कमी होते, हे कोणत्याही खेळात होतेच. पण पार्लरच्या आवृत्तीत ती आपोआपही ओसरत राहते. तुम्ही काहीही चूक करू नका, नुसते उभे राहा. पट्टी घटतच जाते. यामागचे कारण उघडउघड व्यापारी होते. यंत्राच्या मालकाला दर काही मिनिटांनी नवे नाणे हवे असते, आणि जो खेळाडू सुरक्षित कोपऱ्यात थांबून राहतो तो मालकाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. परंतु अश्मयुगाच्या कथेत या व्यापारी युक्तीला अनायासे एक अर्थ प्राप्त झाला. ती भूक झाली. थांबलेल्या माणसालाही भूक लागते, आणि खाल्ल्यावाचून उपाय नसतो. नाणे गिळणाऱ्या यंत्राने नकळत आदिमानवाच्या जगण्याचे इतके अचूक रूपक निर्माण करावे, याचे मला आजही नवल वाटते.

या भुकेवर उतारा म्हणून वाटेत फळे पडलेली असत आणि मांसाचे तुकडे असत. आमचे घर शाकाहारी. तरीही आम्ही त्या तुकड्याला बिनदिक्कत 'तंगडी' म्हणत असू. आणि इथेच या खेळातला सर्वांत सुंदर प्रसंग उद्भवतो. तंगडी एक, भुकेले दोघे. ती वाटून घेता येत नाही. जो आधी स्पर्श करील त्याला ती संपूर्ण मिळते. अशा वेळी काय करायचे, याविषयी खेळ एक अक्षरही सांगत नाही.

आमच्यात हळूहळू एक रीत तयार झाली. ती कोणी ठरवली नव्हती. तंगडी दिसली की दोघेही क्षणभर वर पाहत असू, दोन्ही पट्ट्या नजरेने मोजत असू, आणि ज्याची पट्टी अधिक भरलेली असेल तो 'तू घे' म्हणत असे. कधीकधी मोजणी चुके. कधी दोघेही 'तू घे' म्हणत उभे राहत आणि तेवढ्यात दोघांच्याही पट्ट्या आणखी घटत. कधी दादा सरळ झडप घालून खाऊन टाकी आणि पुढच्या दोन तंगड्या मुकाट्याने सोडून देई. एका रुपयात मिळणाऱ्या त्या काही मिनिटांमध्ये कर्ज, परतफेड, संकोच, लोभ आणि माफी हे सगळे व्यवहार आम्ही दोन शब्दांच्या भांडवलावर पार पाडत होतो.

पुढे कधीतरी रूसोचा विषमतेविषयीचा १७५५ सालचा प्रबंध वाचताना मी एका परिच्छेदापाशी थबकले. आदिम माणसांमध्ये सहकार्य कसे सुरू झाले असेल हे सांगताना रूसो शिकारीचे उदाहरण घेतो. हरण मारायचे तर प्रत्येकाने आपापली जागा धरून उभे राहिले पाहिजे, हे सर्वांना कळते. पण कोणा एकाच्या हाताशी ससा आला तर तो माणूस हरणाचा विचार सोडून सशामागे धावेल, आणि सोबत्यांची शिकार हुकली याचे त्याला काडीचेही वाईट वाटणार नाही. अशा क्षणिक सहकार्यापुरती भाषाही कावळ्या-माकडांपेक्षा फारशी प्रगत लागत नाही, असेही तो पुढे सुचवतो. क्रीडासिद्धान्ताच्या अभ्यासकांनी या उदाहरणाला नंतर एका नमुन्याचे रूप दिले: परस्परांवर विश्वास ठेवला तर मोठा लाभ, नाही तर आपापला छोटा लाभ. 'जो अँड मॅक'मध्ये हरणाच्या जागी टायरॅनोसॉरस आहे आणि सशाच्या जागी तंगडी. रूसोला उत्तर द्यायची माझी पात्रता नाही. परंतु त्याच्या शिकाऱ्याला जे दिसत नाही ते आम्हाला दिसत होते, एवढे मात्र म्हणता येईल. आमच्यासमोर दुसऱ्याच्या भुकेची पट्टी होती. दोघांच्या गरजा एकाच पडद्यावर, एकाच मापाने, शेजारी-शेजारी मांडलेल्या होत्या. खोटे बोलायला जागाच नव्हती.

या खेळाच्या सुपर निंटेंडोवरील आवृत्तीत दोघांनी खेळण्याचे दोन पर्याय आहेत. एकात सोबत्याला आपले शस्त्र लागत नाही. दुसऱ्याला 'सुपर गेम' म्हटले आहे. त्यात ते लागते. कुऱ्हाड फेकताना सोबती मध्ये आला तर तो जखमी होतो, मग ते चुकून असो वा जाणूनबुजून. वरकरणी पाहता पहिला पर्याय अधिक सहकार्याचा वाटेल. मला मात्र दुसरा पर्याय नेहमीच अधिक अर्थपूर्ण वाटत आला आहे. जिथे इजा करणे शक्यच नाही तिथे इजा न करण्याला मोल कसले? सोबत्याच्या पाठीमागे उभे राहून कुऱ्हाड हातात धरणे, आणि तो वाटेतून बाजूला होईपर्यंत थांबणे, यात जो संयम आहे तो नियमाने लादलेला नाही. तंगडीचेही तसेच आहे. 'तू घे' या शब्दांना वजन येते ते मी घेऊ शकत होते म्हणून. माझा हात तिथपर्यंत पोचतच नसता, तर ते शब्द म्हणजे नुसते वस्तुस्थितीचे वर्णन ठरले असते.

या खेळाच्या कौतुकात त्याचे एक न्यून झाकणे योग्य होणार नाही. त्यातल्या बायकांना भूक नाही, शस्त्र नाही, पट्टीही नाही. त्या पळवल्या जातात आणि सोडवल्या जातात. शूर पुरुषाला मिळणारे पारितोषिक एवढेच त्यांचे स्थान. अपहरण आणि सुटका हा आदिबंध आपल्याला महाकाव्यांपासून परिचित आहे, परंतु महाकाव्यातील अपहृतेला निदान विलाप करण्याचा, प्रश्न विचारण्याचा अवकाश असतो. इथे तोही नाही. शिकारीच्या समतेत जो आणि मॅक आहेत. बायका त्या समतेच्या बाहेर, तंगडीच्या बाजूला उभ्या आहेत. मी त्या पडद्यावर समान भागीदार होते ती मॅक म्हणून.

हे सगळे मला इतक्या बारकाईने आठवण्याचे कारण वाङ्मयीन नाही. वडील जाऊन आता तीन वर्षे झाली. मागे घर आहे आणि दीड एकर जमीन. दिवस झाल्यावर महिन्याभरातच माझ्यासमोर हक्कसोडपत्राचा मसुदा आला. दादाने तो स्वतः आणला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणला. बहिणींनी सही करायची असते, माहेर तुटू द्यायचे नसते, भाऊ चोळीबांगडी करतोच, अशी वाक्ये बोलली गेली. बोलणाऱ्यांच्या मनात कपट नव्हते. त्यांच्या आयांनी, आत्यांनी, बहिणींनी अशाच सह्या केल्या होत्या. मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशभर ती २००५ साली लागू झाली. परंतु कायद्याने वाटा दिल्यावर तो परत करण्याचा कागदही त्याच घरात, त्याच मायेने तयार होतो, हे माझ्या अनेक विद्यार्थिनींच्या घरी मी पाहिले आहे.

मला जमिनीची हाव नाही. नोकरी आहे, घर आहे. वडिलांच्या अखेरच्या आजारपणात दादा आणि वहिनी यांनी जे केले ते माझ्या दीडपट वाट्यानेही फिटणार नाही. 'तू घे' म्हणायला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती वेगळ्याच गोष्टीला. ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडण्याआधीच ते मी म्हटले आहेत असे गृहीत धरले गेले होते. मसुद्यात लिहिले होते की मी 'स्वखुशीने' हक्क सोडत आहे. माझी खुशी कोणी विचारली नव्हती, तरी ती टंकलिखित होऊन आली होती. मी दादाला एवढेच म्हटले की आधी वारस नोंद होऊ दे, माझे नाव लागू दे. मग काय द्यायचे, काय ठेवायचे ते आपण दोघे बसून बोलू. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शेवटी देणारच असशील, तर मधला खटाटोप कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला कायद्याच्या भाषेत देता आले नाही. जे उत्तर मनात आले ते तंगडीचे होते. ती माझ्याही हाताच्या अंतरावर असली पाहिजे. तरच मी मागे सरले याला काही अर्थ राहतो. रूसोच्या त्याच प्रबंधात, शिकारीच्या गोष्टीपासून काही पानांच्या अंतरावर, जमिनीला पहिले कुंपण घालून 'हे माझे' म्हणणारा माणूस येतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे भाबडे लोकही येतात. शिकारीपासून कुंपणापर्यंतचा हा प्रवास मी वर्गात अनेकदा शिकवला आहे. परंतु कुंपणाच्या आत आपले नाव लागावे असे वाटणाऱ्या बहिणीचे काय, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. रूसोच्या शिकाऱ्यांमध्येही बायका नाहीत.

अशा जुन्या खेळांची आवड म्हणजे स्मरणरंजन, असा आक्षेप घेतला जातो, आणि बाजाराने तो खराही करून दाखवला आहे. 'डेटा ईस्ट' २००३ साली दिवाळखोरीत निघाली. २०२२ साली 'मायक्रोइड्स' या फ्रेंच प्रकाशकाने 'जो अँड मॅक' नव्याने रंगवून पुन्हा विक्रीस आणला. बालपण परत विकत घेणारे गिऱ्हाईक असते, हे उघड आहे. परंतु स्मरणरंजनाला भूतकाळ गोड लागतो. मला या खेळातून जे आठवते त्यात हावरेपणा आहे, चुकलेल्या मोजण्या आहेत, दादाची झडप आहे. ते दिवस चांगले होते असा माझा दावा नाही. त्या पडद्यावर एक व्यवस्था होती आणि ती व्यवस्था न्याय्य होती, इतकाच आहे. तिचे घटक मोजकेच होते: दोघांच्या हाती सारखी दांडी, दोघांची भूक उघड, दोघांनाही घेण्याची आणि दुखावण्याची सारखी मुभा. यांतला एक जरी घटक काढला तरी औदार्य उरत नाही. उरते ती रूढी किंवा दया.

वारस नोंद झाली. फेरफारात दादाच्या नावाखाली माझे नाव लागले. त्यानंतरचे बोलणे अजून व्हायचे आहे. दोघेही ते टाळतो आहोत, आणि मधल्या काळात दादाचा फोन पूर्वीपेक्षा कमी येतो, हेही खरे आहे. त्याची पट्टी किती उरली आहे हे मला दिसत नाही. माझी त्याला दिसत नसावी. डोळ्यांसमोर पट्ट्या नसताना दुसऱ्याची भूक मोजायची तर विचारावे लागते, आणि विचारायला कावळ्या-माकडांपेक्षा बरीच अधिक भाषा लागते. ती भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. दिवाळीला दादाकडे जाईन तेव्हा ती किती जमते ते कळेल.